सातव्या मजल्यावरचं दार

माझ्या सख्ख्या नवऱ्याचे भक्त कधी दारात उभे राहतील असं मला वाटलं नव्हतं. नवरा साधू नाही, पुढारी नाही. निवृत्त प्रोग्रॅमर आहे. सकाळी गुडघ्याला तेल चोळतो आणि संध्याकाळी कपाळावर सरकवलेला चष्मा घरभर शोधतो. तरी गेल्या वर्षी एका रविवारी बेल वाजली आणि दोन चांगले वाढलेले बाप्ये बूट काढून, आवाज खाली करून आमच्या बैठकीच्या खोलीत आले.

एक माझा भाचा, बहिणीचा मुलगा. विमा कंपनीत आहे, पंचेचाळिशी गाठली, टक्कल पडलंय. दुसरा दातांचा डॉक्टर. त्याला मी ओळखत होते, माझी खालची दाढ त्याच्याच हवाली आहे. दवाखान्यात 'आ करा, अजून मोठा' असे हुकूम सोडणारा हा माणूस आमच्या ह्यांच्यासमोर स्वतःच आ करून उभा होता.

"सर," तो म्हणाला, "तुम्ही म्हणजे 'शंभर पत्रं'."

"मी म्हणजे मीच," हे म्हणाले. "बसा."

चौतीस वर्षांपूर्वी ह्यांनी एका छोट्या कंपनीसाठी टीव्हीला जोडून खेळायचा गेम केला होता. त्याचं नाव 'शंभर पत्रं'. तळमजला धरून दहा मजल्यांची इमारत, प्रत्येक मजल्यावर दहा दारं आणि खांद्याला पिशवी लावलेला एक टपालवाला. जिन्यात कुत्री, खिडकीत कबुतरं, अधूनमधून अडकणारी लिफ्ट. सगळ्यांना चुकवत शंभर पत्रं शंभर दारी पोचवायची. पुढे कंपनी बुडाली, यंत्रं माळ्यावर गेली आणि मला वाटलं, सुटलो.

सुटलो कसले! पोरं मोठी होतात, त्यांची पोटं सुटतात, आणि पोट सुटलं की माणसाला बालपण आठवायला लागतं. भाच्याने मला समजावून सांगितलं की जगात जुने गेम खेळणाऱ्यांचे तीन पंथ आहेत. पहिला पंथ जुनंच यंत्र शोधून, त्याच जुन्या ढोल्या टीव्हीला जोडून खेळतो. दुसरा पंथ नव्या कॉम्प्युटरला जुन्या यंत्राचं सोंग घ्यायला लावतो, त्याला एमुलेटर म्हणतात. तिसरा पंथ डॉक्टरचा आणि भाच्याचा. ह्या पंथाने कार्ट्रिजमधला, म्हणजे यंत्रात खोचायच्या गेमच्या डबीतला, प्रोग्रॅम ओळ न ओळ उकलला आणि आजच्या कॉम्प्युटरवर, फोनवर थेट चालेल असा पुन्हा बांधला. त्यात बेचाळीस जणांची तीन वर्षं गेली. तिन्ही पंथ एकमेकांना पाण्यात पाहतात, आणि भाचा म्हणतो की लग्नकार्यातसुद्धा एका टेबलाला बसत नाहीत.

डॉक्टरने कॉम्प्युटर आमच्या टीव्हीला जोडून गेम लावला. चित्र अगदी लख्ख आलं. मी म्हटलं, वा, किती स्वच्छ. दोघांचे चेहरे पडले.

"काकू, ती आमची अडचण आहे," डॉक्टर म्हणाला आणि त्याने एक बटण दाबलं. लगेच चित्रावर आडव्या रेघा आल्या, कडा फुगल्या, लाल रंग ओघळून शेजारच्या निळ्यात गेला. "हां! आता खरं दिसतंय."

म्हणजे मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घ्यायचं आणि मग चष्म्याला तेल फासून बसायचं. तीन कबुतरं एकदम आली की जुन्या यंत्राला दम लागायचा, टपालवाला चालता चालता मंद व्हायचा. नव्या कॉम्प्युटरला कसला दम लागतो? पण ह्या लोकांनी चार महिने खपून तो दमही जसाच्या तसा आणून बसवला होता. हौसेला मोल नसतं म्हणतात, आणि अक्कलही नसते.

भक्तांचं काम एवढंच होतं: गेम सगळ्यांसाठी खुला करण्याआधी त्यांना ह्यांच्याकडून एक सर्टिफिकेट हवं होतं. कागद टाईप करूनच आणला होता. 'ही आवृत्ती मूळबरहुकूम आहे' आणि खाली सहीची जागा.

ह्यांनी कागद वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "करतो सही. आधी त्र्याहत्तर नंबरचं दार उघडा."

दोघे असे दचकले की मला वाटलं, हे काही अभद्र बोलले.

सातव्या मजल्यावरचं तिसरं दार, नंबर त्र्याहत्तर. ते उघडत नाही. नव्व्याण्णव पत्रं पोचतात आणि शंभरावं पिशवीत राहतं. ह्यावर भक्तांनी काय काय उभं केलंय ते ऐकून मी गार पडले. कोणी साठ पानांचा लेख लिहिलाय, की एक पत्र राहूनच जातं, तेच माणसाचं जिणं. एकाने दंडावर नव्व्याण्णवचा आकडा गोंदवून घेतलाय. दारामागे टपालवाल्याची स्वतःची बायको राहते, असं मानणारा एक वेगळा गट आहे.

"त्यात तत्त्वज्ञान नाही हो," हे म्हणाले. "चूक आहे. प्रोग्रॅममध्ये त्या दाराला त्र्याहत्तरच्या जागी सदतीस लिहिलं गेलं. माझ्या हातून. पत्र त्र्याहत्तरचं, दार स्वतःला सदतीस समजतं, मग घेणार कसं?"

ही गोष्ट मला पाठ होती. मी तीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. आकडे उलटेपालटे पडणं ही आमच्या धंद्यातली सगळ्यात नेहमीची चूक. मीही पुस्तकाच्या पानात अशा दोन सोडल्यात आणि आठवडा आठवडा जेवण गोड लागलं नाही. पण ह्यांचं दुःख वेगळं होतं. तेव्हा देशभरातल्या मुलांची कंपनीला पत्रं यायची: दार कसं उघडायचं? मालकाने उत्तरं लिहायचं काम ह्यांच्यावर टाकलं. संध्याकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर हे लिहायचे, मी तपासायचे. 'प्रिय मित्रा, दार नक्की उघडतं. प्रयत्न सोडू नकोस.' अशी तीन-चारशे पत्रं गेली. मग एक दिवस हे पांढरेफटक होऊन घरी आले आणि म्हणाले, अगं, आज प्रोग्रॅम उघडून बघितला, आकडे उलटे पडलेत, दार उघडूच शकत नाही. मी इतक्या पोरांना खोटं लिहिलं.

त्या दिवसापासून ह्या माणसाने कुठल्याही लहान मुलाला सरळ उत्तर दिलेलं नाही. "पाऊस पडेल का आजोबा?" विचारलं तरी "बघून सांगतो" म्हणतात. मी चौतीस वर्षं समजूत घालतेय की चूक कोणाच्या हातून होत नाही? पालथ्या घड्यावर पाणी. म्हणून ते दार उघडावं असं ह्यांच्याइतकंच मलाही वाटत होतं, कदाचित जास्तच.

डॉक्टर उठला. "सर, तुमचा आदर आहे. पण मूळ गेममध्ये आम्ही बदल करत नाही."

"अरे पण मूळ गेम माझाच आहे!"

"होता," डॉक्टर अतिशय नम्रपणे म्हणाला.

मग नियम निघाले. बदल करायचा तर त्या बेचाळीस जणांच्या गटात मतदान. गटात येऊन सहा महिने झाले नसतील तर मत नाही. ज्याने गेम केला तो गटात आला होता त्याच रविवारी, तेव्हा त्याला मत नाही. चार दिवसांनी निकाल लागला: दार बंद राहावं, एक्केचाळीस. उघडावं, एक. ते एक मत भाच्याचं, तेही माझ्या धाकाने. शिवाय एका सभासदाने ह्यांना लिहून पाठवलं की मूळ कलाकृती समजून घेण्यासाठी तुम्ही अजून थोडा अभ्यास करावा.

हे हसले. पण त्या दिवशी चष्मा समोर असूनही त्यांना सापडला नाही. आणि माझं डोकं फिरलं.

योगायोगाने पुढच्याच आठवड्यात माझी दाढ ठणकायला लागली. डॉक्टरच्या खुर्चीत आडवी झाले आणि समोरच्या भिंतीवर नजर गेली. आजवर कधी नीट पाहिलं नव्हतं, कारण त्या खुर्चीत मी डोळे मिटूनच असते. काचेच्या चौकटीत एक पिवळा पडलेला कागद. अक्षर ह्यांचं. 'प्रिय मित्रा, दार नक्की उघडतं. प्रयत्न सोडू नकोस.' मी काही बोलणार तेवढ्यात डॉक्टरने तोंडात कापसाचे तीन बोळे कोंबले.

"बघितलंत ना काकू? मी अकरा वर्षांचा होतो." त्याने नळी सुरू केली. "मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेत दोनदा आपटलो. घरचे म्हणाले, दुकानात बस. मी हे पत्र उशाला घेऊन झोपायचो. तिसऱ्यांदा पास झालो. आणि आता सर म्हणतात ती चूक! चूक कशी असेल? इतकं मोठं काहीतरी चुकून होत नसतं. ते मुद्दाम केलेलं आहे. सरांचं वय झालंय, त्यांना आठवत नाही."

मी "ऊं ऊं" केलं.

"दुखतंय?"

दुखत नव्हतं, बोलायचं होतं. जन्मात पहिल्यांदा कोणीतरी माझं तोंड बंद ठेवून पाऊण तास वाद जिंकत होतं. बोळे निघाले तशी मी चूळ भरली आणि सरळ बसले.

"डॉक्टर, तुमच्या त्या कागदातला प्रत्येक शब्द मी तपासलाय. आम्ही दोघांनी खरं समजूनच पाठवलं. दार उघडत नाही हे नंतर कळलं."

"काकू, जे बाजारात आलं तेच मूळ."

"असं? आमच्या छापखान्यातून एकदा लग्नपत्रिका गेली, तीत नवऱ्या मुलाच्या जागी त्याच्या बापाचं नाव पडलं होतं. बाजारात आलं म्हणून त्या मुलीने सासऱ्याच्या गळ्यात माळ घालायची का?"

बाहेर बसलेला पेशंट मोठ्याने हसला. डॉक्टरचा चेहरा मात्र लाल झाला.

"आणि तुमच्या शुद्धतेचं कौतुक मला सांगू नका," मी म्हटलं. जीभ अजून बधिर होती, पण राग बधिर नव्हता. "तुमच्या गेममध्ये कुत्रं चावायच्या आधी खेळ गोठवून ठेवायची सोय आहे. मेलं की मागे जा, पुन्हा खेळा. ते चालतं. टीव्ही मुद्दाम बिघडवता, ते चालतं. एका म्हाताऱ्या माणसाने हात जोडून म्हटलं की माझी एक चूक सुधारू द्या, तेवढंच चालत नाही. त्या दारापुढे किती दिवस घालवलेत तुम्ही?"

तो हातमोजे काढत होता. "अकरा महिने," तो म्हणाला. मग ते टोपलीत टाकताना, "रोज. शाळेतून आल्यावर."

रविवारी सकाळी दहाला बेल वाजली. डॉक्टर एकटाच आला होता, भाच्यालाही न सांगता.

"मला एकदा बघायचंय," तो म्हणाला. "फक्त घरच्या घरी. गटात कोणाला कळता कामा नये."

कट्टर सोवळ्यातला माणूस चोरून खायला यावा तसा तो मागे बघत आत आला. त्याने कॉम्प्युटर टीव्हीला जोडला. हे त्याच्या शेजारी जमिनीवर बसले, गुडघ्याची तक्रार न करता. कुठली ओळ ते ह्यांनी सांगितलं. डॉक्टरने सदतीस खोडून त्र्याहत्तर केलं. काम अर्ध्या मिनिटाचं होतं. ह्यासाठी बेचाळीस माणसांनी मतदान केलं होतं.

मग तो खेळायला बसला. एकदाही खेळ गोठवला नाही, हे मला मान्य करायलाच हवं. काय खेळत होता! कुत्र्यांच्या उड्या त्याला पाठ, कबुतरांच्या वेळा पाठ. लिफ्ट कुठे अडकणार ते आधीच माहीत असल्यासारखा जिन्याने निघायचा. मी दोनदा चहा केला, दोन्ही वेळा तो निवून गेला. मी खुर्चीच्या टोकावर आले होते आणि त्या ओघळत्या रंगांत एवढा जीव गुंतलाय ह्याची मला लाजही वाटत नव्हती. कोपऱ्यातल्या आकड्यावर नव्व्याण्णव झाले. टपालवाला सातव्या मजल्यावर आला, तिसऱ्या दारापुढे उभा राहिला. डॉक्टरने बटण दाबलं.

दार उघडलं.

"उघडलं! अहो, उघडलं!" मी टाळ्या वाजवल्या. मला रडू आलं. चौतीस वर्षांचं ओझं असं अर्ध्या मिनिटात उतरलं म्हणून मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे टीव्हीकडे बघतच नव्हते. खिडकीबाहेर बघत होते.

दाराच्या आत नुसतं काळं होतं. खोली नाही, माणूस नाही, काही नाही. आणि कोपऱ्यातला आकडा नव्व्याण्णववरून शून्य शून्य झाला होता.

"हे काय?" मी विचारलं. "शंभर व्हायला हवेत ना?"

"तिथे दोनच आकडे मावतात," हे म्हणाले. "नव्व्याण्णवच्या पुढे परत शून्य."

डॉक्टर पडद्याकडे बघत होता. "सर, गेम बाजारात यायच्या दोन महिने आधी जाहिरात आली होती. तिच्यातल्या फोटोत तिथे तीन शून्यं आहेत. तीन आकडी जागा. विकलेल्या प्रतीत दोनच. आम्ही चार महिने भांडलोय ह्यावर, की मधल्या काळात कोणी आणि का बदललं." दाढ वाचणार नाही हे सांगताना त्याचा आवाज असाच असतो. "ज्याने तिसरा आकडा काढला, त्याला शंभर कधीच होणार नाहीत हे विक्रीच्या आधीच माहीत होतं."



"अहो, सांगा ना त्यांना," मी म्हटलं. "आकडे उलटे पडले होते. तुम्हाला नंतर कळलं."

"जागा नव्हती," हे म्हणाले. खिडकीकडे बघतच म्हणाले. "कार्ट्रिजमध्ये जागा उरली नाही. त्या दारामागे शेवट होता. सगळी इमारत जिन्यात येऊन टपालवाल्याला हात करते, गाणं वाजतं. ते मावेना. खोक्यांवर 'शंभर पत्रं' छापून झालं होतं. मालक म्हणाला, शंभरापर्यंत पोचतोय कोण? मग मी दार बंद केलं. तिसरा आकडा काढला, तेवढीच जागा वाचली."

"आणि उलटे आकडे?" हे मी विचारलं.

"कोणी आत उघडून पाहिलं तर चूक वाटावी म्हणून."

चौतीस वर्षं मी त्या चुकीची समजूत घालत होते. माझ्या धंद्यातली सगळ्यात नेहमीची चूक. आता वाटतं, ती माझ्याकडूनच उचलली असणार. मी रोज घरी येऊन सांगायचे ना, आज कुठले आकडे उलटे पडले ते.

"म्हणजे आम्ही बरोबर होतो," डॉक्टर म्हणाला. "ते मुद्दामच केलेलं होतं." एक्केचाळीस मतांनी जिंकलेला माणूस इतका पडलेला मी पाहिला नाही. त्याने त्र्याहत्तर खोडून पुन्हा सदतीस केलं, वायरी काढल्या, बूट घातले. हे दारापर्यंत गेले आणि म्हणाले, "दार उघडलं की ती पत्रं खरी होतील असं वाटलं होतं. मला माफी मागायची आहे, तुझी. बाकीच्यांचीही."

डॉक्टरने त्यांच्याकडे पाहिलं. "त्यांना काही सांगू नका, सर," तो म्हणाला. "आता बेचाळीस माणसं आहेत त्या दारामागे." आणि जिना उतरून गेला.

मी निवलेला चहा मोरीत ओतला. कप विसळले, पुसले, पुन्हा विसळले. हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"बाकी जगाचं जाऊ द्या," मी म्हटलं. "मला का नाही सांगितलंत? चौतीस वर्षांत एकदा?"

"पत्रं तू तपासत होतीस," हे म्हणाले. "तुला कळलं असतं तर तू एकही पत्र जाऊ दिलं नसतंस."

ते खरंच होतं. एकही जाऊ दिलं नसतं. हे त्यांना तेव्हा पक्कं माहीत होतं आणि म्हणूनच रोज संध्याकाळी ते पत्रांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवून म्हणायचे, जरा नजर टाक, काही चुकलं नाही ना बघ.